सहा नुक्ते

मागच्या महिन्यात मी आमच्या सूनबाईवर ओरडलो. तिला या घरात येऊन चौदा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तिच्याशी कधी चढ्या आवाजात बोललो नव्हतो. त्यामुळे ती तर दचकलीच, पण स्वतःचा आवाज ऐकून मीही दचकलो.

झालं असं, की सध्या आमच्या भागात जातीच्या दाखल्यासाठी जुन्या नोंदी शोधायचं वारं सुटलंय. ज्याच्या त्याच्या तोंडी आजोबा आणि पणजोबा. माझ्या वडिलांचा निजामाच्या काळातला एक उर्दू कागद ट्रंकेच्या तळाशी निघाला. सूनबाईनं मोबाइलवर त्याचा फोटो काढला, पीडीएफ केली, पण ती कुठल्याशा साइटवर चढेना. फाईल जड होते म्हणे. मग तिनं कुठलंसं बटण दाबलं आणि हौसेनं मला दाखवायला आली. "बाबा, बघा, प्युअर ब्लॅक अँड व्हाइट केली. किती स्वच्छ झाली!"

मी बघितलं. कागदाचा पिवळेपणा गेला होता, घड्या गेल्या होत्या, डाग गेले होते. पांढरंशुभ्र पान आणि त्यावर काळी कुळकुळीत अक्षरं.

"थांब! पाठवू नको ते. आधी ठिपके मोज!"

ती बिचारी माझ्या तोंडाकडं बघत राहिली. सासऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला असंच तिला वाटलं असणार. मग मी तिला खाली बसवून सगळं सांगितलं. तेच आता तुम्हाला सांगतो.

परभणीत कचेरीसमोर माझं झेरॉक्सचं दुकान होतं. मशीन आलं तेव्हा लोक नुसतं बघायला यायचे. आजच्या पोरांना हसू येईल, पण त्या काळी कागदाचा जुळा भाऊ निघतो हीच नवलाई होती. आत एक गोल ड्रम. काचेवर कागद पालथा घालायचा, झाकण दाबायचं, खालून दिवा फिरायचा. कागदावर जिथं काळं असेल, तिथं ड्रमवर काळी पूड चिकटायची. ती पूड कोऱ्या कागदावर उतरायची आणि गरम रुळाखालून जाताना पक्की व्हायची. कागद बाहेर यायचा तो ताज्या भाकरीसारखा गरम.

पण त्या मशीनचा एक स्वभाव होता. त्याला दोनच रंग ठाऊक, काळा आणि पांढरा. मधलं काही त्याच्या गावीच नव्हतं. त्यातून फिकं निळं त्याला दिसायचंच नाही. लाल दिसायचं, पण काळं दिसायचं. पिवळा जुना कागद असला की सगळं पान राखेसारखं करून टाकायचं. हे मला कुणी शिकवलं नाही. गिऱ्हाइकांच्या शिव्या खात खात मी शिकलो.

पहिली शिवी जिंतूरकडच्या एका शेतकऱ्याची. तलाठ्यानं फिक्या निळ्या शाईत लिहिलेला सातबारा त्यानं आणला होता. मी झाकण दाबलं, प्रत बाहेर आली. छापलेल्या रेघा सगळ्या जागच्या जागी आणि रकाने कोरेकरकरीत. तो गृहस्थ पांढराफटक पडला. "माजी साडेतीन एकर कुटं गेली?" मी म्हणालो, "काका, घाबरू नका, मूळ कागदावर आहे की." तर तो म्हणाला, "कागदावर हाय, मग ह्या डब्यानं खाल्ली का?" आणि खाली वाकून तो खरोखर मशीनच्या बुडाखाली बघू लागला.

दुसरी शिवी पाथरीच्या एका मुलीच्या बापाची. स्थळाला पाठवायला त्यानं मुलीच्या फोटोची प्रत मागितली. मी त्याला सांगितलं होतं की फोटो नीट येत नाही, पण त्याला घाई. मशीननं पोरीच्या चेहऱ्यावर होतं नव्हतं तेवढं सगळं सावळेपण काळं करून टाकलं. बाप दुकानातच खाली बसला. तेवढ्यासाठी ते स्थळ गेलं, असं तो पुढे कित्येक वर्षं लोकांना सांगत होता.

अशा धक्क्यांतून माझी एक कला तयार झाली. पहिली प्रत घाण आली की मी ती टेबलावर घ्यायचो आणि पांढऱ्या रंगात बुडवलेल्या शून्य नंबरच्या ब्रशनं नको ते सगळं पुसायचो. घडीच्या रेघा, डाग, ड्रमवरच्या ओरखड्यांमुळं पडणारे बारीक ठिपके. मग त्या पुसलेल्या प्रतीची पुन्हा प्रत काढायची. ती अशी निघायची की मूळ कागदानं लाजावं. दुकानावर मी पाटीच रंगवून घेतली होती, 'जुने कागद स्वच्छ करून मिळतील.' वकील माझ्याकडं पाठवायचे, कारकून पाठवायचे. माझा एक साधा नियम होता आणि तो मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचो. अक्षराला चिकटलेलं ते अक्षर, सुटं ते घाण.

मी खोटं काम करत नव्हतो, हेही सांगतो. एकानं पोराच्या गुणपत्रिकेवरचा 'अनुत्तीर्ण' शब्द तेवढा साफ करा म्हणून गळ घातली. त्याला मी दुकानाबाहेर काढलं. सफाई करीन, फसवाफसवी करणार नाही, असं मी छाती पुढे काढून म्हणालो होतो. त्या छातीचं पुढे काय झालं ते येतंच आहे.

ती वर्षं नामांतराची. विद्यापीठाचं नाव बदलायचं की नाही यावरून सगळा मराठवाडा दोन तुकड्यांत उभा होता. 'झालंच पाहिजे' वाल्यांची पत्रकं माझ्याकडं यायची आणि 'होऊ देणार नाही' वाल्यांचीही. मशीन दोन्हींवर सारखंच फिरायचं. मला त्याचा अभिमान होता. आपण कुणाचे नाही, आपला धंदा भला. मी स्वतः शेतकरी घरातला. सुरुवातीच्या जाळपोळीच्या वर्षी आमच्या गावात काही पेटलं नाही. पण शेजारच्या गावांत जे पेटलं त्याबद्दल आमच्या पारावर कुणी चकार शब्द काढला नाही, मीही काढला नाही. त्याला मी शहाणपण समजत होतो.

त्या जाळपोळीला सहा-सात वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. एका बुधवारी दुपारी पंचेचाळिशीचा एक माणूस दुकानाच्या पायरीवर येऊन उभा राहिला. पांढरा सदरा, हातात कापडी पिशवी. वर या म्हटलं तरी पायरीवरच. नाव किसनराव. वालूरहून एसटीनं आले होते.

"साहेब, एक कागद हाय. लय जपून काढावा लागंल."

पिशवीतून रुमाल निघाला, रुमालातून वर्तमानपत्र, वर्तमानपत्रातून तो कागद. मी बघतच राहिलो. करपलेल्या भाकरीचा पापुद्रा असतो तसा तपकिरी, कडा काळ्या, मधोमध घडी. त्यावर उर्दूत काही ओळी.

"माज्या बापाचा शाळेचा दाखला हाय, निजामाच्या वख्ताचा. आमच्यात शाळा शिकलेला त्यो पयला माणूस," किसनराव म्हणाले. "पोरीचा डीएडला नंबर लागलाय. वंदना नाव तिचं. जातीचं सर्टिफिकेट मागायलेत, अन् त्याला आज्याचा कागद पायजे म्हणत्यात. शनवारपतुर न्हाई दिलं तर नंबर दुसऱ्याला जातो."

"शाळेत मूळ नोंद असेल ना?"

"तिथलं रजिस्टर वाळवीनं खाल्लं म्हणत्यात. आता हेवढंच हाय."

"आणि हा असा भाजला कसा?"

"नामांतराच्या जाळपोळीच्या साली आमी सासुरवाडीच्या गावाला राहत व्हतो. घर पेटवलं. आमी अंगावरच्या कापडानिशी निघालो. चार दिसानं राखंत पत्र्याची पेटी घावली, तिच्यात ह्यो कागद. बाकी काईच न्हाई."

मी पुढं काही विचारलं नाही. खरं सांगायचं तर कुणी पेटवलं हे ऐकायची माझी तयारी नव्हती.

पहिली प्रत काढली. संबंध पान काळंभोर. तपकिरी रंग मशीनला काळाच दिसणार. मी उजेड वाढवला. दुसरी प्रत जरा बरी, तिसरी आणखी बरी, चौथीत अक्षरं दिसू लागली, पण सगळ्या पानावर काळे ढग. दर वेळी मी झाकण दाबत होतो, दर वेळी काच तापत होती. पाचवी प्रत मनासारखी आली. अक्षरं ठळक आणि सभोवती मोहरी सांडल्यासारखे ठिपके. आनंदानं मी झाकण उघडलं आणि कागद उचलला, तर त्याचा एक कोपरा गरम काचेला चिकटलेला. माझ्या बोटांत अर्धा कागद आला आणि तिथंच चुरला. उरलेला काचेवर घडीपासून तुटला आणि बघता बघता त्याचे तुकडे झाले, तुकड्यांचा भुगा झाला.

आगीतून वाचलेला कागद माझ्या काचेवर संपला होता. पहिल्या प्रतीलाच मी म्हणायला हवं होतं की हा कागद टिकणार नाही, आधी कुणाकडून तरी वाचून घ्या. मी म्हणालो नाही. मला माझी कला दाखवायची होती.

किसनराव वर आले, पहिल्यांदाच. काचेकडं बघत उभे राहिले. मग म्हणाले, "असू द्या साहेब. त्यो जायचाच व्हता. परत निघाली न्हवं?"

"निघाली. आता अशी स्वच्छ करून देतो की बघत राहाल."

शरमेपायी माणूस दुप्पट काम करतो. दोन तास मी ब्रश हातातून ठेवला नाही. एकेक ठिपका टिपला. उर्दूत ठिपके असतात हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझे वडील त्याच लिपीत शिकलेले. पण वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि माझं शिक्षण मराठीत. त्या मोहरीत कुठला दाणा कुणाचा हे मला कळायचं काही कारण नव्हतं, आणि विचारावं असं डोक्यात आलं नाही. माझा नियम होता ना. जे दोन-चार मोठे ठिपके होते तेही मला डागच वाटले. संध्याकाळी किसनरावांच्या हातात पांढराशुभ्र कागद ठेवला. "लय साफ काढलाव," ते म्हणाले. तुकड्यांचा भुगा मी पाकिटात घालून दिला, तोही त्यांनी जपून पिशवीत ठेवला.

उर्दू कागद कचेरीत चालत नसे, त्याचा मराठी तर्जुमा लागायचा. तो करायचे गफूरसाब. महसूल खात्यातून निवृत्त झालेले मुन्शी. कचेरीच्या कडुनिंबाखाली टेबल टाकून बसायचे आणि जुने उर्दू कागद वाचून द्यायचे. किसनराव त्यांच्याकडं पोचले तेव्हा गफूरसाब घरी निघून गेले होते, म्हणून किसनरावांनी एसटी स्टँडवर मुक्काम केला.

दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडून उदबत्ती लावत होतो, तर गफूरसाब स्वतः रस्ता ओलांडून येताना दिसले. गुडघ्यांमुळं ते एरवी जागचे हलत नसत. हातात माझी प्रत, मागं किसनराव.

"ये क्या किये मियाँ तुम?" त्यांनी कागद माझ्या टेबलावर आपटला. "नुक्ते कुठं गेले?"

"कसले नुक्ते?"

"ठिपके! हरफांचे ठिपके! बे आणि नून आणि ते, सगळी एकाच अंगाची पोरं. ठिपक्यावरून ओळखायची. एक खाली तर बे, एक वर तर नून, दोन वर तर ते. तू सगळ्यांना नागडं करून उभं केलंस. आता कोण कुठला सांगू?"

"मी... सुटं होतं ते काढलं. सुटं ते घाण म्हणून."

"सुटं ते घाण!" गफूरसाब मटकन स्टुलावर बसले. "कुणी शिकवलं हे तुला? आमच्या लिखावटीत सगळी जान त्या सुट्या ठिपक्यात असते रे."

मग त्यांनी चष्मा पुसला आणि कागदावर बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. "हे नाव. जानिया वाच, खानबा वाच, हानिया वाच, तुझी मर्जी. बापाचं नाव, ते तर काहीच नाही, नुसत्या दांड्या. जन्माचं साल बघ. उर्दूत शून्यसुद्धा ठिपकाच असतो, तेही तू पुसलंस. ह्या हिशेबानं ह्याचा बाप निजामाच्या पणजोबाच्या आधी जन्मला." मग बोट एका ओळीवर थांबलं आणि त्यांचा आवाज उतरला. "तीन लफ्ज तेवढे जसेच्या तसे राहिले. वल्द, म्हणजे 'चा मुलगा'. वालूर. आणि महार. त्यांना नुक्ताच नाही, मग तू पुसणार काय?"

किसनराव कागदाकडं बघत होते.

"म्हणजे बाप गेला," ते सावकाश म्हणाले. "गाव राहिलं अन् जात राहिली."

ते माझ्याकडं वळले. रागावले असते तर बरं झालं असतं.

"घर जाळलं तवा बी असंच झालं व्हतं, साहेब. पर त्यांनी मुद्दाम केलं व्हतं. तुमी तर चांगलं करायला गेलाव."

आयुष्यात मला लोकांनी पुष्कळ बोल लावले, पण या वाक्यानं मी जसा हादरलो तसा कशानंच नाही. अजूनही ते आठवलं की हातातलं काम थांबतं.

आधी मी ती रंगवलेली पाचवी प्रत शोधली. नखानं पांढरा रंग खरवडून पाहिला, तर रंगाबरोबर खालची काळी पूडही निघून आली. पाकिटातल्या भुग्यात नावाची ओळ नव्हती, घडी नेमकी तिच्यावरूनच होती. मग मला पहिल्या चार प्रती आठवल्या. आणि त्या कुठं गेल्या हेही आठवलं. बिघडलेल्या प्रती मी रोज संध्याकाळी कोपऱ्यावरच्या भजेवाल्याला देत असे. त्यात तो भजे बांधून द्यायचा.

आम्ही तिघं भजेवाल्याच्या गाड्यावर गेलो. गठ्ठ्यात खाली दोन प्रती मिळाल्या, पण त्या पहिल्या दोन, वाचता न येण्याइतक्या काळ्या. बाकीच्या सकाळच्या घाण्यात गेल्या होत्या. गाड्यामागं एक पत्र्याचं पिंप होतं. त्यात खरकटे कागद, मिरच्यांचे देठ, चहाचा चोथा. किसनराव बाह्या वर करून पिंपाकडं निघाले.

गफूरसाबनी त्यांच्या दंडाला धरलं. "तू थांब. ज्यानं पुसलं तो काढेल."

कचेरीचा भरता रस्ता. ओळखीचे वकील, कारकून, पक्षकार. मी पिंपात कोपरापर्यंत हात घातला. शेतकऱ्याच्या घरातला माणूस, शेणामातीत हात घालायची लाज नसते. पण भर चौकात उष्ट्यात हात घालताना मला काय वाटलं ते मी लपवत नाही. मला घाण वाटली, आणि घाण वाटली याची लाजही वाटली. कितीतरी लोकांचे अर्ज, दाखले, उतारे तेलात भिजून हाताला येत होते. शेवटी एक आला, ढगाळ काळा, त्यावर उर्दू ओळी, एका बाजूला मिरची चिकटलेली. चौथी प्रत.

गफूरसाबनी ती उन्हात धरली. तेलानं कागद आरपार दिसत होता. कितीतरी वेळ ते डोळे बारीक करून बघत राहिले. त्या ढगांतून आणि ठिपक्यांतून आपले ठिपके ते वेचत होते. जाणत्याला घाण आणि नुक्ता वेगळे दिसतात, एवढंच मला तेव्हा कळलं.

"जीमचा एक. नूनचा एक. बेचा एक. जानबा," ते म्हणाले. "वल्द. नूनचा एक, तेचे दोन. नथू. जानबा वल्द नथू. सहाच्या सहा आहेत."

किसनरावांनी तिथंच रस्त्यात डोळ्याला उपरणं लावलं.

पण काम झालं नव्हतं. स्वच्छ प्रतीवर नाव नाही, नाव आहे ती प्रत तेलकट, मूळ कागदाचा भुगा. गफूरसाब म्हणाले की कचेरी हे असं घेणार नाही. प्रत काढताना काय घडलं ते कुणीतरी लिहून, सही करून, नायब तहसीलदारासमोर सांगायला हवं.

मी कचरलो. हे मी कबूल करतो, कारण ते लपवलं तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. माझं दुकान त्या सफाईवर उभं होतं. कागदावरचं नाव मी पुसलं असं मीच लिहून दिलं, तर उद्या कचेरीतलं कोण माझी प्रत घेणार? मी गफूरसाबना म्हणालो, "तुम्हीच लिहा ना. तुमचं वाचलेलं चालतं."

"मी वाचलं ते मी लिहीन," ते म्हणाले. "तू पुसलं ते तू लिही."

किसनराव कचेरीच्या भिंतीवरल्या घड्याळाकडं बघत होते. उद्या शुक्रवार होता.

मी लिहून दिलं. नायब तहसीलदार तरुण होते. त्यांनी माझा जबाब वाचला, तेलकट कागद दोन बोटांत धरून पाहिला, मग मला विचारलं, "आजवर असे किती कागद साफ केलेत?"

"मोजले नाहीत साहेब."

"त्यात उर्दू किती?"

हा प्रश्न मला एकदाही सुचला नव्हता. किसनरावांच्या आधीही उर्दू कागद आले होते. वाटण्यांचे, जमिनींचे, शाळेचे. सगळे मी मन लावून स्वच्छ करून दिले होते. कुणाचे आजे-पणजे मी त्या ब्रशनं टिपून घेतले, मला माहीत नाही. ते लोक कोण, कुठल्या गावचे, तेही आठवत नाही. जाऊन सांगावं तर कुणाला?

शनिवारी दुपारी वंदनाला सर्टिफिकेट मिळालं आणि तिचा नंबर टिकला. तेलकट कागदाची एक प्रत काढून, तिच्यावर सही-शिक्का करून फायलीत लावली. मूळ तेलकट कागद कारकुनानं परत दिला, फाईल खराब होईल म्हणून. माझ्याबद्दल मला वाटलं होतं तसंच झालं. वर्ष-दोन वर्षं कचेरीत माझी प्रत दिसली की विचारायचे, पुसणाऱ्याकडची आहे का? हेच नाव पडलं मला, पुसणारा. मी दुकानावरची पाटी उतरवली आणि ब्रश भजेवाल्याच्या त्याच पिंपात टाकला. त्यानंतर जो कागद जसा आला तसाच मी काढून दिला.

शेवटी नामांतराचा निकाल लागला. जुन्या नावाच्या आधी नवं नाव आलं. त्या वर्षीच एकदा पंचविशीतली एक बाई दुकानात आली, साडी नेसलेली, खांद्याला पर्स. पायरीवर न थांबता सरळ आत. "काका, वळखलं का? मी किसनरावांची वंदना."

ती शिक्षिका झाली होती. बाहेरून परीक्षा देऊन बी.ए. झाली होती आणि गुणपत्रिकेवर विद्यापीठाचं नवं नाव होतं. तिनं ती टेबलावर ठेवली. मी किसनरावांची चौकशी केली. "बाबाला जाऊन दोन साल झाले," ती म्हणाली, आणि पर्समधून प्लास्टिकच्या पाकिटातला एक कागद काढला. तपकिरी पडलेला, तेलाच्या डागाचा. "ह्याची बी एक काढा. दोनी संगं लावून घरात ठिवायच्यात."

मी गुणपत्रिकेची प्रत काढली. मग तो कागद काचेवर ठेवला, अलगद, झाकण न दाबता. प्रत आली ती ढगाळ, डागाळलेली, ठिपक्यांनी भरलेली. सवयीनं माझ्या तोंडून गेलं, "जरा घाण आलीय."

"ऱ्हाऊ द्या. एकबी टिंब पुसू नका."

तिनं प्रत उजेडात धरली आणि नावाच्या ओळीवर बोट ठेवलं. गफूरसाब हयात असताना ती त्यांच्याकडं जाऊन शिकली होती. सगळं उर्दू नाही, तेवढं एक नाव वाचायला. ओठ हलवत तिनं एकेका ठिपक्यावर बोट टेकवलं आणि मीही तिच्या बोटाबरोबर मोजत राहिलो.

"सहा," ती म्हणाली. "आज्जा हाय, काका. आजून एक परत काढा."